उपयोग : अज्ञात

कपाटांतल्या सगळ्या चिठ्ठ्या माझ्या अक्षरातल्या.
अक्षर बरं म्हणून जिल्हा परिषदेतून
मला इथं तेरला धाडलं, सहा महिन्यांसाठी.
त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

मणी, शंखाचे, सात.
दिवा, मातीचा, चोच तुटलेली.
नाणं, शिशाचं, हत्ती अर्धा.
बाई, पांढऱ्या मातीची, डोकं नाही.
असं लिहीत गेलो.
पुढं पुढं घरची माणसंही तशीच दिसायला लागली :
मेव्हणा, एक. कान शाबूत.

जिथं कुणालाच काही उमगलं नाही
तिथं साहेब म्हणाले, लिहा, उपयोग अज्ञात.
हा शब्द मी छप्पन्न वेळा लिहिलाय.
त्यातला ज्ञ माझा फार सुबक येतो.

केवळाबाई आली चैत्रातल्या दुपारी.
ढोकीची एसटी चुकलेली, पुढची पावणेचारला.
चपला दारातच काढल्या.
मैनुद्दीनभाई म्हणाले, मावशी, घालून या, हे देऊळ नाही.
"मूर्त्या तर दिसत्यात," ती म्हणाली
आणि अनवाणीच फिरली गार फरशीवर,
तळवे पुरते टेकवत, सावकाश,
जणू बघायचं काम पायांकडंच होतं.
टाचांच्या भेगांत काळं रान बसलेलं,
धुऊन न निघणारं.

बिनडोक्याच्या बाईपाशी ती थांबली नाही.
परदेशी घडणीच्या दिव्यापाशीही नाही,
ज्याच्यासाठी पुण्याहून पोरं येतात वह्या घेऊन.
थांबली ती चारशे बारापाशी.
भाजल्या मातीचा, चपटा, मुठीएवढा,
एका अंगाला आडव्यातिडव्या रेघा,
दुसऱ्या अंगाला धरायला उंचवटा.

"ह्ये काय लिवलंय?"
मी वाचून दाखवलं.
"अज्ञात म्हंजी?"
म्हणजे, कशाला वापरायचे ते कुणालाच ठाऊक नाही.
तिनं तोंडाला पदर लावला, पण खांदे लपेनात.
"आन् तुमच्या मायनं टाचा कशानं घासल्या?
वजरी हाय की ही, बाबा."

मग एक हात भिंतीला टेकून, पाय उचलून
रिकाम्या मुठीनं तिनं घासून दाखवलं :
रेघांची बाजू कशी आत घ्यायची,
आधी टाच कशी भिजू द्यायची,
कुठं हळू, कुठं जोर.
मैनुद्दीनभाई पाठ फिरवून उभे राहिले,
कुणाची तरी आंघोळ चालली असावी तसे.

पावणेचारच्या गाडीनं ती गेली.

आमच्या घरी होती वजरी. पितळेची,
वर मोर, पोटात खडे,
माय घासायला बसली की न्हाणीतून वाजायची.
मी विसरलो होतो.
म्हणजे विसरलो नव्हतो,
तिच्यावर चिठ्ठी नव्हती.

त्या संध्याकाळी कुलूप काढून
चारशे बारा कानापाशी नेला, हलवून पाहिला.
काही वाजलं नाही. मातीचा होता.

नोंदवहीत बदल करायचा तर प्रस्ताव लागतो,
तीन प्रतींत, पुरावा जोडून.
पुराव्यात काय लिहू?
बाई, एक, वय साठ-पासष्ट. टाच, डावी.
ते राहिलंच.
अज्ञातच्या खाली पेन्सिलनं बारीक लिहून ठेवलंय : वजरी.
साहेब चष्मा विसरतात, म्हणून टिकलंय.

अजून पंचावन्न आहेत.
एक भोकाभोकांचा खापराचा तुकडा,
एक हाडाची काडी, दोन्ही टोकांना खाच,
एक गोळा, ज्याला नुसतं गोळा म्हणवत नाही.

स्टँडवर कुणी पिशवी घेऊन उभं दिसलं,
गाडीच्या धुळीकडं बघत,
की मी दारातून हाक मारतो,
या, आत गार आहे.
चपला काढायच्या असल्या तर काढा.